आमच्याकडे बाहेर कुणी जेवत नाही

टीबीतून उठलेल्या माणसाने आपला अनुभव लिहावा, वाचणाऱ्याला धीर येतो, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं म्हणणं. मंडळीच्या मासिकासाठी लिहा म्हणून ते तीन वर्षं माझ्या मागे आहेत आणि मी तीन वर्षं "लिहितो, लिहितो" म्हणत टाळतो आहे. त्यांना वाटतं, मी कमी बोलणारा आहे म्हणून. तसं नाही. माझा आजार सांगायचा तर सखाराममामांचं सांगावं लागतं, आणि मामांचं सांगायला घेतलं की मी उघडा पडतो.

धीर येईल की नाही ते मला माहीत नाही. पण आज जो कुणी त्या गोळ्या घेत असेल, त्याने माझ्यासारखं करू नये.

पहिल्या गोळ्या

मी अंबरनाथच्या फॅक्टरीत टर्नर होतो. आम्हाला तळमजल्यावरचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या आणि पायऱ्यांच्या बाजूला नळ. घरात मी, बायको सुशीला आणि सहा वर्षांची रूथ.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात मला खोकला लागला तो जाईना. संध्याकाळी अंग तापायचं. मी कुणाला न सांगता उल्हासनगरला गेलो, तीन नंबर कॅम्पात, एका सिंधी डॉक्टरांकडे. अंबरनाथला दवाखाने नव्हते असं नाही. पण अंबरनाथला कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसलं तरी शेजारी फॅक्टरीतला नाहीतर मंडळीतला माणूस निघायचा.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला. "टीबी है. डरने का नहीं. नौ महीना गोली खाओ. बीच में छोड़ा तो वापस आएगा, और गुस्से में आएगा."

घरी मी सांगितलं, अशक्तपणा आहे, व्हिटॅमिन दिलंय. गोळ्या गादीखाली ठेवू लागलो. सुशीलेला खरं सांगितलं असतं तर तिने मला काही घराबाहेर काढलं नसतं. मग का नाही सांगितलं? त्याच महिन्यात मी मंडळीच्या पंचमंडळावर निवडून आलो होतो. लोक "पंचसाहेब, सलाम" म्हणत होते. एवढंच कारण. आता लिहिताना ते किती लहान दिसतं.

तीन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं. एकदा कॅम्पातल्या त्या दवाखान्यातून निघताना आमच्याच मंडळीतल्या एका बाई समोरून येताना दिसल्या. त्यांनी मला पाहिलं नसावं. पण मी पुन्हा त्या रस्त्याला गेलो नाही. नऊ महिन्यांच्या गोळ्या मी तीन महिन्यांत सोडल्या.

मामा घरात आले

त्याच दिवसांत आमची सुंभाची बाज ढिली झाली होती. ती विणायला बुवापाड्यातून एक म्हातारबा आले. सखाराम त्यांचं नाव. मूळचे साताऱ्याकडचे, बौद्ध. लोकरीच्या कारखान्यात पिंजणीच्या खात्यात आयुष्य गेलेलं. कारखाना बंद पडला, बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. आता बाजा विणून पोट भरत होते. त्या पिंजणीने त्यांना खोकला दिला होता, कोरडा, सकाळ-संध्याकाळचा.

बाज उचलण्यासाठी त्यांनी गादी बाजूला केली तेव्हा माझं गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"व्हिटॅमिनच्या आहेत," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी बाज उचलली.

एक वाजला तसं सुशीलेने त्यांना जेवायला बोलावलं. ते पायरीवरच बसले आणि म्हणाले, "द्या हितंच."

सुशीला दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्याकडे बाहेर कुणी जेवत नाही, मामा. उठा. हात धुवा आणि आत या."

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. आमच्या दोघांच्याही घराण्यांत हे वाक्य जपलेलं होतं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले. गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मिशनच्या आवारात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पंगतीत बसवलं आणि भरलेला पेला हातात दिला. आजोबा म्हणायचे, मला धर्म नंतर कळला, पेला आधी कळला. ही गोष्ट मी मंडळीत साक्ष देताना कितीदा तरी सांगितली आहे. परक्याला घरात घेण्याविषयी बोलायचं असलं की पाळकसाहेब मलाच उभं करायचे.

मामा आत आले. भिंतीला टेकून जेवले. जाताना सुशीला म्हणाली, "रविवारी या. उपासनेहून आलो की आम्ही एकत्र जेवतो. मटण असतं."

"मटनासाठी येतो," मामा म्हणाले. "देवासाठी न्हाई, आधीच सांगतो."

"देवाला चालेल," सुशीला म्हणाली.

मग सव्वा वर्ष एकही रविवार चुकला नाही. रूथ कोपऱ्यापर्यंत पळत जायची आणि बोट धरून त्यांना घेऊन यायची. ते "जयभीम" म्हणायचे, आम्ही "सलाम" म्हणायचो. जेवणाआधीची माझी प्रार्थना लांबली की मिटल्या डोळ्यांच्या अंधारातून मामांचा आवाज यायचा, "दानियल, त्याला ऐकू गेलं रं. कालवण गार व्हतंय." रूथ फिसकन हसायची. नाताळात सुशीलेने नवं स्टीलचं ताट घेतलं आणि दुकानातच त्याच्यावर नाव कोरून आणलं: सखाराममामा. आमच्या घरात नाव कोरलेली चार ताटं झाली. मामांनी नावावरून बोट फिरवलं, वाचता येत असूनही दोनदा विचारलं, "काय लिवलंय?"

निदानाचा दिवस

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी दात घासताना मी थुंकलो तर बेसिनमध्ये रक्त. सुशीला मागेच उभी होती. त्यामुळे लपवायला जागा राहिली नाही.

अंबरनाथ पूर्वेला छातीचे एक डॉक्टर होते. सुशीला माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. डॉक्टरांनी फोटो पाहिला, थुंकीचा रिपोर्ट पाहिला आणि पेन उघडून विचारलं, "याआधी कधी टीबीची औषधं घेतली होती का?"

किती सोपा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण माझं खोटं कुणी माझ्यादेखत शाईने लिहून घेतल्याचा हा एकच प्रसंग.

"मग आला कुठून?" सुशीलेने विचारलं. "घरी कुणालाच नाही."

"कुठूनही येऊ शकतो. घरात कुणी खोकणारं येतं-जातं का?"

सुशीला माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत राहिलो. ती हळूच म्हणाली, "मामा."

 सांगायचा मुद्दा हाच आहे की मामांचं नाव मी घेतलं नाही. मी फक्त ते पुसलं नाही.

पायरी

रूथची तपासणी झाली. हातावर टोचलं तिथे रुपयाएवढी गाठ उठली. मानेतही एक गाठ लागत होती. तिलाही सहा महिने गोळ्या.  घरी आल्यावर तिने रूथचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "मी त्यांना घरात घेतलं. मीच आत बोलावलं." स्वतःलाच शिव्या देत होती ती. तेव्हासुद्धा मी बोललो नाही.

रविवार आला. मी आतल्या खोलीत बाजेवर पडून होतो, तीच मामांनी विणलेली. दाराचा पडदा सरकलेला होता, त्यामुळे पायऱ्या दिसत होत्या. रूथला शेजारी पाठवलं होतं. मामा कोपऱ्यावर थोडे थांबले असतील. मग एकटेच आले.

"सुशीला, काय गं? पोरगी न्हाई आली?"

"मामा, तिथंच बसा. ह्यांना बरं नाहीये."

"काय झालंय?"

"टीबी."

 त्यांनी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता हा माणूस पाकिटाचं बोलणार.  ते बोलले नाहीत.

सुशीलेने त्यांचं ताट आणून वरच्या पायरीवर ठेवलं. नाव कोरलेलं तेच. पेला मात्र आणला नाही. पाणी मागितल्यावर तिने तांब्या उंच धरला. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली. तिने वरून ओतलं.

मामांचे हात ते विसरले नव्हते. ओंजळ एका क्षणात झाली.

ते सगळं जेवले. शीतही टाकलं नाही. नळावर ताट घासलं, पायरीच्या कडेला पालथं घातलं. "येतो," म्हणाले. पुढच्या रविवारी आले नाहीत.

ज्याला खरा रोग होता तो आत होता. गादीवर. उशी डोक्याखाली.

वॉर्ड

चार महिने गोळ्या घेऊनही मला उतार पडेना. पडणार कसा? मी पहिल्यांदाच आजारी पडलोय असं समजून औषध दिलेलं होतं, आणि माझ्या आतले जंतू त्या औषधाला आधीच ओळखून होते. वजन चाळीसवर आलं. शेवटी उल्हासनगरला सरकारी इस्पितळातल्या टीबीच्या वॉर्डात दाखल केलं.

तिथला दिवस पाच वाजता सुरू व्हायचा. आधी थुंकीच्या डब्या, मग चहा, मग इंजेक्शनांची ट्रॉली. तिच्या चाकाचा आवाज यायला लागला की सगळे आपापली कूस ठरवायचे. शेजारच्या खाटेवर एक पापडवाला काका होता, सिंधी. त्याला रोज विचारायचो, "काका, कसं काय?" तो म्हणायचा, "साईं, आज भी हूँ." हे ऐकून सबंध रांग हसायची. हसलं की सगळ्यांना खोकला. मग सिस्टर ओरडायच्या. त्या हसण्याचे माझ्यावर उपकार आहेत. वॉर्डात कुणी कुणाला परकं नव्हतं, कारण सगळ्यांचंच ताट वेगळं होतं.

सुशीला दिवसाआड यायची. रूथला घरी ठेवून, बस पकडून, डबा घेऊन. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती रूथचं सांगायची: गोळी कडू लागते, तरी घेते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज स्वतःच्या हाताने फुली मारते. आठ वर्षांची पोर एक दिवस चुकवत नव्हती. मी ऐकायचो आणि चादरीचं टोक पिळत बसायचो.

एका दुपारी खाटेजवळ मामा उभे. धुतलेलं धोतर, हातात रुमालात बांधलेली चार उकडलेली अंडी. बसायला सांगायची वाट न बघता ते स्टुलावर बसले आणि अंडं सोलायला लागले.

"खा. अंगात ताकद पायजे."

मी खाल्लं. त्यांनी दुसरं सोललं. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"दवाखान्यात जाऊन आलो. तीन दिस थुंकी तपासली माझी. काय न्हाई निघालं. खोकला लोकरीचाच हाय म्हनाले." कागद त्यांनी माझ्या उशीवर ठेवला. "सुशीलेला दाखीव. तिला म्हनावं, पोरीला माझ्यापासनं न्हाई झालं. बाकी काय नगं म्हनू."

"दाखवतो मामा."

"आठवनीनं. पोरगी मला बाजारात दिसली. तोंडावर रुमाल धरून पळाली."

ते गेले. चार वाजता सुशीला यायची होती. साडेतीनला मी तो कागद फाडला. बारीक बारीक तुकडे केले आणि थुंकीच्या डबीत घातले. वर झाकण लावलं.

हे मी अकरा वर्षांत फक्त दोघांना सांगितलं आहे. तिसरे तुम्ही.

डॉक्टरीणबाई

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. एकदा राउंड संपल्यावर त्या परत आल्या आणि माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. "शिंदे, तुमचा रिपोर्ट मला काहीतरी वेगळंच सांगतोय. मी इथे पोलीस नाही. आधी घेतली होती ना औषधं?"

मी मान हलवली.

"किती?"

"तीन महिने."

"हे चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर तुमचं अर्धं फुप्फुस वाचलं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. थकल्या होत्या. "घरी माहीत आहे?"

"नाही. बाई, तुम्ही सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण मुलीला कुणापासून झालं हे तुम्हाला कळलंय ना?"

कळलं होतं. केव्हाच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला वेगळं असतं.

औषध बदललं. रोज इंजेक्शन, दोन महिने. कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, ती अजून वाजते. पण ताप उतरला. जे आज औषध घेत आहेत त्यांना मला इतकंच सांगायचं आहे: बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नाही. गोळ्या अर्ध्यात टाकू नका. आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांगा, बायको शेजारी बसली असेल तरी. मला ते एक "नाही" वर्षभराच्या पगारापेक्षा, अर्ध्या फुप्फुसापेक्षा महाग पडलं, आणि पूर्ण किंमत मी एकट्याने दिलेलीच नाही.

उपकारस्तुती

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात मी बरा ठरलो. आमच्याकडे माणूस मोठ्या दुखण्यातून उठला की घरी उपकारस्तुतीची उपासना ठेवतात. मंडळी जमतात, गाणी होतात, बरा झालेला साक्ष देतो, मग जेवण. सुशीला सकाळी उठून रूथच्या वहीच्या पाठच्या पानावर नावं लिहीत बसली होती. पाळकसाहेब, पंचमंडळ, माझ्या खात्यातले. मी शेजारी चहा पीत होतो.

"मामांचं नाव घाल," मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं. "मला त्यांचा राग नाही आता. गरीब माणूस. पण रूथच्या मानेवरच्या गाठीची खूण दिसली की माझं मन होत नाही हो. त्यांनी एकदा तरी सांगायला हवं होतं, मला खोकला आहे, मी लांब बसतो."

मग मी सांगितलं. कॅम्पातला डॉक्टर, गादीखालचं पाकीट, ते "नाही", तो कागद. सगळं. एकदा तोंड उघडल्यावर फार वेळ लागला नाही, पाच मिनिटं फार तर.

सुशीला रडली नाही. तिने वहीचं पान फाडलं. "त्यांच्या ओंजळीत पाणी मी ओतलं," ती म्हणाली. "वरून. माझ्या आजीच्या ओंजळीत ओतायचे तसं. माझ्या हाताने. आणि तुम्ही आतून बघत होतात."

"हो."

"मला कशाला करू दिलंत?"

 ती उठली. "कसली उपकारस्तुती. आधी त्यांना घेऊन या. नाहीतर या घरात गाणं होणार नाही."

बुवापाडा

मामांची खोली मी तोपर्यंत पाहिलेली नव्हती. सव्वा वर्ष तो माणूस दर रविवारी माझ्या घरी जेवला आणि मी एकदाही त्याच्या दारात गेलो नव्हतो. आम्ही घरात घेणारे होतो ना. कुणाच्या घरात जायचं असतं हे आमच्या ध्यानातच नव्हतं. विचारत विचारत गेलो. पत्र्याची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, कोपऱ्यात स्टोव्ह.

"आलास," मामा म्हणाले. "बस. आधी जेव."

भाकरी होती, सुकटीची चटणी होती. ताट एकच होतं. एकट्या माणसाला दुसरं कशाला लागतं? ते मधे ठेवून ते समोर बसले. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं, ज्याने त्यांचा स्वच्छ रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता, त्या माझा हात ताटाकडे जाताना अडला. अर्धा क्षण. त्यांनी खोकून तोंड पुसलं होतं म्हणून. आपणच पसरवलेलं खोटं आपल्याच हातात असं शिरलेलं असतं.

त्यांना दिसलं. "खा. काय न्हाई मला. कागद दिलावता की तुला."

मी खाली मान घालून सगळं सांगायला लागलो. ते चावत होते, मान हलवत होते. "ठावं हाय," म्हणाले. "पाकीट बघितलं तवाच कळलं. माझी बायकू पारू त्याच गोळ्या खात व्हती. तिनंबी मधीच सोडल्या."

"मग त्या दिवशी पायरीवर बोलला का नाहीत?"

"तुझं घर. तुझी बायको. मी बोलून काय झालं असतं? तू बोलशील म्हनून जेवत बसलो."

"मामा, तो कागद मी सुशीलेला दाखवला नाही. फाडला."

मामांचं चावणं थांबलं. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"हे न्हवतं ठावं," ते म्हणाले.

 मग त्यांनी हात धुतले. मी म्हणालो, "सुशीलेने बोलावलंय. घरी चला. तिला तुमच्या पाया पडायचंय."

"सुशीलेवर राग न्हाई माझा. तिनं पोरीसाठी केलं." ते दाराकडे बघत बोलत होते. "पन मी असा न्हाई येनार. पोरगी मला बघून रुमाल धरती. ते मला सोसत न्हाई. आता कागद तर ऱ्हायला न्हाई. आता तू सांग तिला. तुझ्या तोंडानं. मग ती आली बोलवायला, पयल्यासारखी, तर येतो. त्याच दिशी येतो."

"सांगतो मामा. आजच सांगतो."

रविवार

घरी आलो. रूथ अंगणात लगोरी खेळत होती. नऊ वर्षांची. मला बघून "पप्पा" म्हणत धावत आली. मी सांगितलं नाही.

सुशीलेने विचारलं तेव्हा म्हणालो, थोडी मोठी होऊ दे. ती म्हणाली, "मी सांगणार नाही. सांगायचं काम तुमचं आहे." ती स्वतः जाऊन मामांना भेटून आली. काय बोलणं झालं ते तिने मला कधी सांगितलं नाही. उपकारस्तुती झाली नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, तब्येतीमुळे.

त्यानंतर मी दर रविवारी डबा घेऊन बुवापाड्यात जायचो. आम्ही त्या एका ताटात जेवायचो. मामा विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "परीक्षा आहे तिची, झाली की." पुढच्या वर्षी म्हणालो, शाळा बदललीय. मग एकदा म्हणालो, वय नाजूक आहे. दोन वर्षांनी मामांनी विचारणं बंद केलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू.

त्र्याण्णवमध्ये आम्ही बदलापूरला, बेलवलीत, स्वतःच्या घरात राहायला आलो. पुढच्या वर्षी थंडीत मामा गेले, झोपेतच. शेजाऱ्यांनी वंदना म्हटली, आम्ही दोघं मागे उभे होतो. घरी आल्यावर रूथने विचारलं, "कोण गेलं?"

"सखाराममामा."

"ज्यांच्यामुळे मला झालं होतं, ते?"

ती दुष्टपणाने बोलली नव्हती. ओळख पटवत होती फक्त. मी बूट काढत होतो. मी "हं" म्हणालो.

सुशीला स्वयंपाकघराच्या दारात होती. हातातलं पातेलं तिने खाली ठेवलं आणि आत गेली. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आज रूथ एकोणीस वर्षांची आहे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या आठवड्यात ती सुट्टीवर आली तेव्हा इथवरची पानं मी तिच्यापुढे ठेवली. तोंडाने सांगायचं वचन होतं, तेही मी कागदावर ढकललं. ती टेबलाशी बसून वाचत होती, मी समोर उभा होतो, मास्तरांपुढे उभं राहावं तसा.

वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

"ते वाट बघत होते?"

"पहिली दोन वर्षं विचारायचे."

"माझी शाळा बुवापाड्यापासून दोन गल्ल्यांवर होती, पप्पा. मी रोज तिथून जायचे."

मी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"रोज रुमाल धरून जायचे."

तिने पानं सारखी केली, उलटून पाहिली. या लेखाखाली मी नाव घातलं नव्हतं. 'एक विश्वासू बंधू' एवढंच लिहिलं होतं. तिने ते खोडलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

"मामांचं नाव सगळीकडे लागलं," ती म्हणाली. "शाळेत, मंडळीत, माझ्या तोंडून. मला आजार कुणी दिला त्याचं नाव इथे लिहा."

दानियल शिंदे
बेलवली, बदलापूर